शेवग्याखालची माती

३ नोव्हें.
पालक उगवलाच नाही नीट. मातीने वरून पापडी धरलीये, पांढरट. नखाने एक तुकडा उचलला. खाली कोंब, पिवळा, वाकडा होऊन बसलेला. वर यायला जागाच नाही.
मागच्या वेळी बाळूदादाने ओल्यातच भाड्याचा ट्रॅक्टर घातला. रोटर फिरवला, वर सगळं पीठ, खाली वीट. थांबायला पाहिजे होतं. पण तो प्लॉटिंगच्या कामावर असतो, परत सापडत नाही.

५ नोव्हें.
मालक आले कोथरूडवरून. वाघोलीतली ही जागा त्यांची. आम्ही भाजी करतो, कडेच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. वाफ्यात पाणी तसंच साचलेलं. चपलेनं टोकरलं त्यांनी. "शेत आहे का अंगण? पार्किंगची तयारीच करून ठेवलीत तुम्ही."
पप्पा हसले. उगाच.
कुणी बसवाला गाड्या लावायला जागा मागतोय म्हणे. "परत एकदा येऊन बघतो. असंच असेल तर त्याला हो सांगतो."
मी दाराआडून ऐकलं.

६ नोव्हें.
मम्मी म्हणते जेवत का नाहीस. काय सांगू. नववीत सरांनी उभं केलं की आवाजच निघायचा नाही, म्हणून तर शाळा सोडली. इथे वाफ्यात कुणी काही विचारत नाही. इथून जावं लागलं तर...

८ नोव्हें.
पप्पांना शेवग्याखाली नेलं. तिथे ट्रॅक्टर वळत नाही. मम्मी भाजी निवडून पाला तिथेच टाकते. माती काळी, चहा पावडरीसारखी मोकळी. गांडुळं. पाणी ओतलं की गायब.
"मग सगळ्या रानाला पाला कुठून आणू? मार्केट यार्डातून?"

९ नोव्हें.
पप्पा यार्डात माल टाकून आले. टेम्पोत कोबीच्या पाल्याची पोती. माझ्याकडे बघितलं नाही. "उतरव."

१२ नोव्हें.
बाळूदादा आला. पप्पांनी कालच पाणी सोडलेलं. मी मूठभर माती दाबली, लाडू केला, कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. फुटला नाही. म्हणजे वाफसा नाही, आत अजून ओल आहे. परत वीट होणार.
ट्रॅक्टर सुरू झाला. कसं केलं माहीत नाही, लाडू उचलून बाळूदादाच्या हातात दिला.
"ह्ये काय, प्रसाद?"
"ओली आहे अजून." पुढे आवाजच नाही आला.
तो पप्पांना म्हणाला, "आज गेलो तर परत कधी यीन सांगत नाय. साइटवर काम हाय."
पप्पांनी लाडू हातात घेऊन दाबला. मग म्हणाले, "जा तू."
दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी चुकले असेन तर?

१४ नोव्हें.
लाडू फुटला. बाळूदादा फोन उचलत नाही. उद्यापर्यंत माती वाळून कडक होणार.
पप्पांनी कुदळ काढली. "बघत काय बसलीस? दुसरी घे."
एकच पट्टा झाला, शेवग्याच्या बाजूचा. हाताला फोड. बी टाकलं, वरून पाला.

१५ नोव्हें.
मालकांचा फोन. उद्या सकाळी येतायत, बसवाल्याला घेऊन. उद्या कोंब थोडेच दिसणार.
पट्ट्याला पाणी दिलं. उभी राहून बघितलं. गेलं आत. हळू, पण गेलं. बाकीच्या वाफ्यांतही सोडलं, तिथे साचलेल्या पाण्यात अजून आभाळ दिसतंय.
फाटक त्या वाफ्यांच्या बाजूला आहे. ते तिथूनच बघून परत जातील. इकडे या, असं कुणीतरी म्हणायला पाहिजे.
पप्पा सकाळी यार्डात असतात. मम्मी कामावर.
इकडे या. इकडे या. तीन वेळा म्हणून बघितलं शेवग्यापाशी. तिसऱ्यांदा आला आवाज.