बारा ठोकळ्यांचे सोमवार

१५ जानेवारी, सोमवार

तात्सुरो आला नाही! अठरा वर्षांत पहिल्यांदा. तळघरातली खोली, बारा ठोकळे, वही उघडी, मी पेन्सिल घेऊन बसलेली — आणि आकडा सांगणारा गायब. अकरा वाजता त्याच्या बहिणीचा फोन. जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं.

"वहिनी, या ना," म्हणाली. बारा वर्षं झाली कागदावर शिक्के मारून वेगळे झाल्याला! तिच्या जिभेला कोणी सांगायचं?

गेले. इस्पितळात त्याचा पहिलाच प्रश्न, "ओचीबाई, वाचन चुकलं?" घटस्फोटानंतर आम्ही एकमेकांना आडनावाने हाक मारतो, अहोजाहो करतो. म्हटलं, "हाड मोडलंय तुमचं, निनोमियासान." "तुम्ही घ्या मग. हात हलका ठेवा."

बाहेर बहीण विचारत होती, त्या दगडांत बघता काय एवढं? सांगितलं — हे काँक्रीट ओतलं की आपणच पसरतं, ठोकावं लागत नाही. पण कायमचा भार ठेवला की वर्षानुवर्षं किंचित किंचित आखडत जातं. ते कधी थांबतं, एवढंच बघायचंय. "आणि त्यासाठी तुम्ही दोघं अठरा वर्षं...?" मी चहा घेतला.

२२ जानेवारी, सोमवार

ठोकळा किती आखडला ते दाखवणारं मापक पहिल्यांदाच हातात धरलं. नियम असा की हात बदलायचा नाही, दाब बदलला की आकडा बदलतो. म्हणून वाचणार तो, मोठ्याने म्हणणार तो. मी तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि लिहायचा, ऐकण्यात चूक नको म्हणून. मापकाकडे मी कधी पाहिलंच नाही. माझं काम कानांचं.

पहिला ठोकळा गेल्या वेळी चारशे बारा. माझ्या हातून चारशे एकतीस! बाराच्या बारा तसेच, पंधरा-वीसने पुढे, म्हणजे तेवढे जास्त आखडलेले. अठरा वर्षांची नोंद माझ्या हाताने बिघडली, रडूच आलं मला.

२३ जानेवारी

"हात जड आहे तुमचा," म्हणाला.

"एकटीने संसार केलाय या हाताने, जड असणारच."

हसला नाही. मी मिकान, आपलं छोटं संत्रं, सोलून दिलं, ते मात्र सगळं खाल्लं.

२९ जानेवारी, सोमवार

मापक तपासायला एक पोलादी पट्टी असते, ती आखडत नाही. तिच्यावर पाच वेळा वाचलं. पाचही वेळा बरोबर! म्हणजे हात माझा ठीक आहे. मग?

वही चाळली. तीन वर्षांपूर्वीपर्यंतचे आकडे जिवंत — कधी तीन पुढे, कधी एक मागे, पावसाळ्यात रुसलेले. आणि मग एकदम शहाण्यासारखे. तीन महिन्यांनी एक, तीन महिन्यांनी एक. सगळं माझ्याच अक्षरात.

महिनाभरात आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख हामादा सर यांचा अहवाल जायचाय. 'आखडणं जवळजवळ थांबलं' असं त्यात लिहिलंय. पूल बांधणारे लोक त्यावर विसंबणार.

५ फेब्रुवारी, सोमवार

नर्स म्हणाली, "बाई, हे एकटे राहत होते तरी कसे? उजव्या डोळ्यात काही नाही, डाव्यात नुसता उजेड. तीन-चार वर्षं तरी झाली असतील."

म्हणून माझ्या आधी येऊन बसलेला असायचा. म्हणून माझ्यानंतर निघायचा. आणि मी पोपट! तो म्हणेल ते परत म्हणत बसले.

६ फेब्रुवारी

सरळ विचारलं. अहोजाहो सुटलंच. "तू मनाने आकडे सांगत होतास? मला?"

"हात जड आहे तुमचा, ओचीबाई."

दार आपटून आले. इस्पितळात दार आपटलं मी! आकड्यांपलीकडे तो माझ्याशी बोलतच नाही म्हणून तर वेगळी झाले. आता कळलं, आकडेही खोटे.

१४ फेब्रुवारी

गेले नाही. सांगावं तर त्याच्या नावाला काळिमा. गप्प बसावं तर एखादा पूल हळूहळू वाकत जाणार. बहीण म्हणते, न्यूमोनिया झालाय. म्हणे, माझी वाट बघतो. बघू दे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

हामादा सरांना सांगितलं. सरांनी वही पुढ्यात ओढली. मग आम्ही दोघांनी फूटपट्टी धरून तीन वर्षांवर लाल रेघा मारल्या. अहवाल थांबवला. रेघा सरळ आल्या.

२७ फेब्रुवारी

त्याला सांगितलं. नळीतून श्वास घेत होता. तोंड भिंतीकडे फिरवलं. मी निघाले. बरोबर केलं मी. बरोबरच केलं. जेवण गेलं नाही.

२ मार्च

दुपारी अडीचला गेला. मी नव्हते तिथे. मला जायला हवं होतं. जायला हवं होतं.

४ मार्च, सोमवार

हामादा सर आले, खूप वेळ वाकून उभे राहिले. म्हणाले, तीन वर्षांपूर्वीच ते आपोआप मोजणारं यंत्र बसवणार होते, दर सोमवारी दोघांची खेप वाचली असती. तात्सुरोने त्यांच्या खोलीत जाऊन गुडघे टेकले. तात्सुरोने! "यंत्र नको. ती मला दुसरीकडे कुठे भेटायची नाही."

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं," सर म्हणाले.

नव्हतं. मला वाटायचं, मी एकटीच त्यासाठी येते.