पाठ करून

आबा, काल दादाच्या पोरीचं लग्न झालं, भवानीनगरला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी मांडवात तुमचं नाव इतक्यांदा निघालं की माझं डोकं अजून तापलेलं आहे. म्हणून लिहायला बसले.

पोरीला केक नको होता. तिनं फोनवर क्रीम पफचा मनोरा पाहिला होता. लिंबाएवढे पोकळ पफ, आत क्रीम, एकेक गरम पाकात बुडवून खालून वर निमुळता चिकटवत नेलेला. “आत्या, तुझं बारामतीत केकचं दुकान हाय, आन् मी बाहेरनं आणू व्हय?” म्हणाली. दोनशे पफ डब्यांत भरून मी सकाळीच कार्यालयाच्या स्वयंपाकघरात हजर. मनोरा जागेवरच रचावा लागतो, गाडीत तो वाटेतल्या पिंपळीपर्यंतसुद्धा टिकला नसता. पाकाचा थर्मामीटर मात्र दुकानात राहिला. तेवढ्यात दादा आला. “सरक, मला बघू दे. आबांनी मला शिकवलंय.” पातेल्यात डोकावला, रंग बघितला. “झाला. उतरव.” मी उतरवला. का ऐकलं त्याचं, याचा मला अजून संताप येतो. चार थर चढले आणि खालचे पफ घसरायला लागले, पाक कच्चा, नुसता चिकासारखा ताणला जात होता. बाहेर अक्षता वाटत होते. “हवाच दमट हाय,” म्हणून दादा निघून गेला.

त्याला शिकवलंत, हे खरंच आहे. पणदऱ्याच्या गुऱ्हाळावर तुम्ही गुळव्या. उकळत्या रसाची काहील कधी उतरवायची, हा शब्द तुमचा. दादाला जवळ उभं करून तुम्ही फेस दाखवायचात, रंग दाखवायचात. मी तुमची भाकरी घेऊन यायची. “बाईमाणसाची नजर पडली की गूळ धरत न्हाय. तितं पाठ करून बस.” मी नऊ वर्षांची. काहिलीकडं पाठ करून बांधावर बसते, मानेला चुलवाणाची धग लागते, समोर नुसता ऊस. एकदाच मान वळली. त्या दिवशी गूळ चिकट निघाला आणि तुम्ही साऱ्या माणसांदेखत माझ्यावर खापर फोडलंत. आबा, तो ऊस आडवा पडलेला होता. पडलेल्या उसाचा गूळ धरत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी बोल मलाच.

पण माझे कान झाकायचं तुम्हाला सुचलं नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तुम्ही त्याची गोळी वळायचात आणि काहिलीच्या काठावर मारायचात. थप् वाजली की कच्चा. टण् वाजली की तुम्ही “उतरवा” म्हणायच्या आधी मी मनात म्हटलेलं असायचं. माझा राग गुळासाठी नाही. जे दादाला हाताला धरून दिलंत, ते मला चोरासारखं घ्यायला लावलंत, त्याचा आहे.

काल मी पहिला पाक ओतून दिला, नवी साखर चढवली, तांब्यात गार पाणी घेतलं. थेंब टाकला, परातीवर मारला. थप्. पुन्हा. थप्. मग टण्, गुळापेक्षा कोरडा आवाज. बोटं भाजली, पण घसरलेले पफ काढून मनोरा खालपासून पुन्हा रचला. मंगलाष्टकं संपून नवरा-नवरी खुर्च्यांवर बसली, तेव्हा तो त्यांच्यापुढं ताठ उभा होता. लोक फोटो काढत होते आणि दादा पाहुण्यांना सांगत होता, “आबांची विद्या. आमच्या घरातच हाय ती.”

धाकट्या काकूंनी मला विचारलं, “तुला गं कवा शिकवलं भावजींनी?”

“पाठ केलंय, काकू.”

“पहिल्यापासनं हुशार हाय,” त्या म्हणाल्या. दादा मात्र पाहुण्यांना सोडून पंगतीकडं वळला. बांधावरची ती पाठ त्यानं रोज पाहिली होती.

हा कागद पाठवणार कुठं? पाककृतींच्या वहीत ठेवून देते. पण एक कबूल करते, आबा. माझ्या दुकानात मला कुणी अडवत नाही. शेगडी माझी, पातेलं माझं, पाक डोळ्यांसमोर. तरी थर्मामीटर लावूनही खात्रीला गोळी मारते, तेव्हा मी अजून पाठच करते. पातेल्याकडं तोंड करून उभी राहिले की मला काही ऐकूच येत नाही.