डिझेलच्या टाकीत पाणी

५ मे, मंगळवार

निघालो एकदाचे! सकाळी लवकर निघायचं होतं, दुपार झाली. नोएलीनला तिची उशी सापडत नव्हती—ती तिच्याच काखेत होती! रॉस फाटकाला कुलूप लावून आला, गाडीत बसला, उतरला, परत जाऊन कुलूप ओढून आला. नोएलीन ओरडली, 'अहो, कोण चोरतंय तुमचं फाटक!'

केरिन निरोप द्यायला आली होती. मला बाजूला घेऊन पुन्हा तेच. 'आई, सोमवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. अशी खोली रोज रिकामी होत नाही. खिडकीतून समुद्र दिसतो गं.'

माझ्या मुलीनं तिच्या बापासाठी, डेससाठी, पोर्ट लिंकनच्या वृद्धाश्रमात खोली बघितली आहे. त्या मजल्याचं दार बाहेरून बंद करतात, विसरणारी माणसं भटकू नयेत म्हणून. समुद्र दिसतो म्हणे!

मी तिला शब्द दिला आहे. या प्रवासात डेस धड राहिला, जमेल तेवढं स्वतःचं स्वतः करत राहिला, तर तो घरी राहील, माझ्याजवळ. नाही जमलं तर मी स्वतः फोन करून हो म्हणेन. ती लगेच हो म्हणाली, तेव्हाच मला भीती वाटली.

गाडी रॉस-नोएलीनची. चौघांना झोपायला जागा, शेगडी, मोरी, फ्रीज, सगळं आत. व्हायला गावी आमची कुंपणं लागून आहेत. निवृत्त झालो की चौघांनी नलारबॉरचं माळरान ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जायचं, हे आम्ही रॉसच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून बोलतोय. मग एकेक कारण निघत गेलं. आणि यंदा नोएलीन स्वतः कुंपणाशी येऊन म्हणाली, 'डेसलाही घेऊ. आता नाही तर कधीच नाही.' मला रडूच आलं. डेसला कोण बरोबर नेतं आजकाल!

पुरुष पुढे, आम्ही मागे. समोरून गाडी आली की डेस एक बोट वर करतो, इथल्या रस्त्यावर करतात तसं. खरं तर ते काम चालवणाऱ्याचं. रॉस म्हणाला, 'लेका, हात दुखेल तुझा.' डेस म्हणाला, 'त्यांना वाईट वाटेल ना.' जन्मभर खनिजाची मालगाडी चालवली, वाटेतल्या प्रत्येक पोराला हात केला. ते विसरलेला नाही.

६ मे, बुधवार

आज मला त्यानं एव्हिस म्हणून हाक मारली. एव्हिस म्हणजे त्याची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. मी ओ दिली. काय करणार!

कामं वाटली. डिझेल रॉसकडे, स्वयंपाक नोएलीनकडे, धुणं-भांडी माझ्याकडे. मी म्हटलं, पिण्याच्या पाण्याची टाकी डेस भरेल. नोएलीननं तोंड वाकडं केलं. 'अगं, दोन्ही टाक्यांची तोंडं शेजारी शेजारी आहेत. एक दिवस घोटाळा होईल.' मी हट्टाला पेटले. भांडलेच जवळजवळ. शेवटी रॉस म्हणाला, 'भरू दे गं त्याला, मी असतो ना तिथं.'

सेडूनाला पंपावर डेसनं पाणी भरलं. निळं झाकण उघडलं, नळी घातली, वर येईपर्यंत वाकून बघत राहिला, झाकण फिरवलं, नळी गुंडाळली. अगदी व्यवस्थित! मी खिडकीतून बघत होते. केरिन, बघ तुझा बाप! असं मोठ्यानं म्हणावंसं वाटलं.

७ मे, गुरुवार

उद्या राज्याची हद्द. फळं, भाज्या, मध काही पलीकडे नेऊ देत नाहीत, कीड जाते म्हणून. मुक्कामाच्या तळावरच्या सगळ्या गाड्यांतून एकच वास—उरलंसुरलं सगळं एका पातेल्यात. आमचंही सूप झालं, बादलीभर. डेसला तीनदा वाढलं. तिन्ही वेळा म्हणाला, 'वा, आज सूप आहे!'

८ मे, शुक्रवार

सकाळी तपासणी. फ्रीज उघडला, कपाटं उघडली, सगळं स्वच्छ. नोएलीन मिरवत होती. आणि डेसच्या कोटाच्या खिशातून संत्रं निघालं! तपासणारी पोरगी चांगली होती, हसली. 'आजोबा, आणखी काय काय लपवलंय?' रॉस म्हणाला, 'तस्कर आहेस की रे तू!' पण नोएलीनचा चेहरा उतरला. मागे येऊन पुटपुटली, 'ग्लेनिस, तू त्याचे खिसे बघत जा बाई.' त्याच्या लेंग्याच्या नाडीपर्यंत सगळं बघते मी. आता खिसेही.

हद्दीपलीकडे घड्याळ पाऊण तास मागे घ्यायचं असतं. पाऊण! कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. रॉसनं दिवसभरात चारदा विचारलं, किती वाजले म्हणायचे. डेसनं एकदाच काटे फिरवले आणि गप्प बसला.

९ मे, शनिवार

संपलं सगळं. लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी एका पंपावर थांबलो. नोएलीन आणि मी आंघोळीला गेलो. ती माझ्याआधी आटोपून बाहेर पडली, मी केस धूत बसले. बाहेर आले तेव्हा डेस नळी गुंडाळत होता, रॉस आत बसून सुरू करायच्या तयारीत. निघालो. त्या सरळसोट रस्त्याला लागलो, जिथं वळण म्हणून नाही. थोड्या वेळानं गाडी ठसके द्यायला लागली. मग मेलीच.

रॉसनं गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर मदत मागितली. एक ट्रकवाला थांबला, दाढीवाला, दंडावर मगर गोंदलेली. खाली वाकून कसलीशी चकती सोडवली, बाटलीत थोडं डिझेल घेतलं, उजेडात धरलं. खाली पाणी, वर डिझेल. म्हणाला, 'इंजिनाला चहा पाजलात काय? पाणी भरलं कुणी?'

सगळ्यांनी डेसकडे बघितलं. मीसुद्धा.

डेस म्हणाला, 'मी नाही भरलं. रॉसनं भरलं. मी नळी गुंडाळली.'

रॉस हसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'असू दे गड्या. होतं असं.' नोएलीन एकदम तिकडे वळली आणि क्षितिजाकडे बघत उभी राहिली. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. मला वाटलं, रागानं गेली. बरोबरच होतं तिचं. गाडी तिची, इशारा तिनं दिला होता, हट्ट माझा होता.

डेस पुन्हा म्हणाला, 'रॉसनं भरलं.' मी त्याचा दंड धरला. 'डेस, पुरे! स्वतःचं दुसऱ्यावर ढकलू नकोस.' इतक्या जोरात म्हणाले की ट्रकवाल्यानं मान खाली घातली.

डेस माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, 'मग मीच भरलं असेल. तुम्ही सगळे म्हणताय तर.'

ओढून आणलं गाडीला. पुढच्या पंपामागच्या तळावर पडलोय. टाकी उतरवायची, सगळं धुवायचं. एक सुटा भाग कालगुर्लीहून यायचाय. कधी येईल ते पंपवाल्यालाही माहीत नाही. 'येईल की,' म्हणतो.

संध्याकाळी तळावर नेहमीसारखी पाचची बैठक. ज्यानं त्यानं आपली खुर्ची आणायची, आपला पेला आणायचा, गोल करून बसायचं. मला जायचं नव्हतं. न गेलं तर सगळे विचारतात, म्हणून गेले. कुणीतरी रॉसला विचारलं, का अडकलात? आणि रॉसनं रंगवून सांगितलं! संत्रं, सूप, पाणी, सगळं. 'आमचा डेस पूर्वी आख्खी मालगाडी वाफेवर चालवायचा, त्याला वाटलं हीपण चालेल!' लोक पोट धरून हसले. डेसनं वाफेची गाडी कधी चालवली नाही. पण तोही हसत होता, सगळे हसतात म्हणून. आपल्यालाच हसतायत हे त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं मला.

नोएलीन बैठकीला आलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

१० मे, रविवार

आज आईचा दिवस. पंपावरच्या बाईनं बादलीत शेवंती ठेवली होती, येईल त्या बाईला एकेक देत होती. मलाही दिली. पांढरी.

केरिनचा फोन आला. पंपाच्या मागे, संडासांच्या भिंतीपाशी उभं राहिलं तरच आवाज येतो. 'आई, मजेत ना? बाबा काय म्हणतात?' मला खोटं बोलता आलं असतं. ती इतक्या लांब, तिला कोण सांगणार होतं? पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर—दमले मी. पाण्याचं सोडा. त्याच्यामुळे चौघं त्या रस्त्यावर मेलो असतो तर? उद्या घरी गॅस उघडा ठेवला तर? रात्री दार उघडून चालू लागला तर? मी एकटी किती डोळे लावून बसू?

सांगितलं सगळं. ती म्हणाली, 'मग मी त्यांना हो कळवू?'

मी म्हटलं, कळव.

ती रडली. मी नाही रडले. भिंतीला हात लावून उभी होते. आतून कुणीतरी पाणी सोडलं. माझ्या लग्नाच्या नवऱ्याला मी घराबाहेर काढलं, ते संडासाच्या भिंतीशी उभी राहून, हातात शेवंती धरून.

परत आले तर डेस खुर्चीत उन्हाला बसला होता. फूल त्याला दिलं. म्हणाला, 'एव्हिस, ग्लेनिसला दे ना. तिला आवडतं पांढरं.'

११ मे, सोमवार

सुटा भाग नाही आला. वारा नुसता. सगळीकडे लाल धूळ, दातांतसुद्धा.

डेसला अजून सांगितलं नाही. सांगून काय, विसरेल. मग रोज सांगावं लागेल. रोज नव्यानं त्याचा चेहरा तसा होईल. नकोच ते.

दुपारी मी त्याचे कपडे बघत होते, तिथं नेण्यासारखे कुठले. बरे असे तीनच शर्ट. प्रत्येकावर नाव शिवायचं असतं, केरिननं सांगितलंय. पहिलीला होती तेव्हा तिच्या झग्यांवर मी असंच नाव शिवलं होतं. सुई ओवताच येईना.

नोएलीन मदतीला म्हणून येऊन बसली. विचारलं, 'हे कशाला?' मी सांगितलं, आम्ही खोली घेतली. आजची मुदत होती, काल हो म्हटलं. तिच्या हातातला कप लवंडला. 'काल? पण... इतक्या लवकर का ठरवलंस?' मी म्हटलं, 'तूच तर म्हणाली होतीस, घोटाळा होईल. झाला.' ती उठून गेली. मला तिचा राग आला. निदान 'वाईट वाटलं' एवढं तरी म्हणायचं! चाळीस वर्षांची शेजारीण.

संध्याकाळी रॉस किल्ली शोधत होता. गाडी बंद पडलेली, तरी किल्ली हवी. शेवटी ती त्याच्या गळ्यातल्या दोरीला सापडली. डेसनं दाखवली.

१२ मे, मंगळवार

सुटा भाग आला. मेकॅनिक कामाला लागलाय. डेस त्याला पाने काढून देतो. मागेल तो पाना, एकदाही चुकला नाही. मेकॅनिक म्हणाला, 'तुमचे मालक एक नंबर आहेत हो!' मी गाडीत जाऊन पडले. तोंडात उशी धरून रडले.

१३ मे, बुधवार

गाडी सुरू झाली. नोएलीन मला कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी घेऊन गेली. म्हणाली, 'पाणी रॉसनं भरलं, ग्लेनिस. मी न्हाणीघराच्या दारातून बघत होते. माझ्या लक्षात आलं तोवर नळी काढलीसुद्धा होती त्यानं. मला वाटलं, थोडंच गेलं असेल.' मार्चमध्ये डॉक्टरांनी रॉसलाही डेसचंच विसरण्याचं दुखणं सांगितलंय. त्याला स्वतःला आठवत नाही की पाणी त्यानं भरलं. डेस शेजारी असला की रॉसकडे कुणी बघत नाही—म्हणून आम्हाला बरोबर आणलं.

डेसनं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं! आणि मी त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं.

मी किल्लीसाठी हात पुढे केला. तिनं किल्ली दिली. एवढी मोठी गाडी मी कधी चालवलेली नाही, पण आता घरापर्यंत मीच चालवणार. मग ती रडत रडत म्हणाली, 'माझ्यानं एकटीनं नाही गं होणार. पोर्ट लिंकनला आणखी एखादी खोली असेल का?'

'आहे,' मी म्हटलं. 'डेसची घे. तो घरी येतोय.'