चिठ्ठीत निघालेला आजोबा

१ जाने., बुध.
चर्चमध्ये नव्या वर्षाची उपासना. पाळकसाहेब लांबले, माझे गुडघे धरले. मग मुलींच्या संघाच्या लीलाताईंनी नवीन टूम काढली. यंदा सेवेचा बिल्ला. प्रत्येक मुलीनं मंडळीतला एक म्हातारा नाहीतर म्हातारी धरायची, वर्षभर दर रविवारी दुपारी जाऊन बायबल वाचून दाखवायचं, हवं-नको बघायचं. एका खेपेला एक चांदणी. घरचा म्हातारा चालणार नाही. घरच्यांचं करणं ही सेवा नव्हे, म्हणाल्या.
अर्पणाच्या थैलीत नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मुलींना काढायला लावल्या. आमच्या सलूला (नात, सलोमी, नववीत) भालेराव मास्तर निघाले. मंडळीत इतके म्हातारे, त्यात हेच निघायचे होते.
माझी चिठ्ठी वसतिगृहातल्या एका पोरीला. करुणा नाव. बाप अर्धापूरला केळीच्या बागेत कामाला. मला विचारलं कुणी चिठ्ठी टाकताना? म्हातारा आहे, कबूल. पण थैलीत घालण्याइतका?

५ जाने., रवि.
आठवडाभर सलूला शाळा आणि ट्यूशन. रविवारची दुपार तेवढी माझी होती. मला बारीक अक्षर दिसत नाही. पहिलीत होती तेव्हापासून ती वाचते, आणि शेवटची ओळ मी पाठ म्हणायची असा आमचा नेम.
आज वेणी घालून, संघाचा निळा पट्टा लावून मास्तरकडे गेली. "आबा, चहा झाकून ठेवलाय."
चहाचं कोण बोलतंय.
भा. मा. ला (एवढंच लिहीन, पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही) काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, हे खरं आहे. पण तो हायस्कूलात मास्तर होता, सगळं वाचून झालंय त्याचं. मी चौथी शिकलेला, मुदखेडच्या रेल्वे फाटकावर गेटमन. जास्त गरज कुणाला?

१२ जाने., रवि.
करुणा आली. सलूच्याच वयाची, पण अंगानं चिमणी. चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या. वाचायला बसली तर बोट ओळीखाली धरून एकेक शब्द उचलते, विहिरीतून बादली ओढावी तशी. जोडाक्षर आलं की थांबते. पुढचा शब्द मीच सांगतो, मला पाठ आहे म्हणून.
मग डोळे मिटून घेतले. झोपलो समजून जाईल म्हटलं.
"झोपलाव का आबा?"
डोळे उघडले नाहीत. तीही गेली नाही. बसून हळूहळू तेच ते स्वतःशी वाचत राहिली. खोटं झोपणं फार अवघड. मान आखडली.

९ फेब्रु., रवि.
उठता-बसता "मास्तर म्हणतात." घास चावून खावा, मास्तर म्हणतात. खिडकी उघडी ठेवून झोपावं, मास्तर म्हणतात. डास त्याच्याकडे नसतील.
सलू वचनपाठांतराच्या स्पर्धेत पहिली आली. भा. मा. नं करून घेतलं म्हणे. मी विचारलं, तुझं पहिलं स्तोत्र कुणी पाठ करून घेतलं होतं?
"तुम्हीच की आबा."
वर बघितलं पण नाही. बिल्ला पट्ट्यावर शिवत होती.
सूनबाई म्हणाली, "लहान लेकरासारखं करायलाव तुम्ही." दुसरी भाकर घेतली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रवि.
मुली झावळ्या घेऊन आवाराच्या फाटकापासून चर्चपर्यंत गात आल्या. सलू सगळ्यांत पुढं. बघताना बरं वाटलं, ते लिहून ठेवतो.
पण उपासनेनंतर भा. मा. काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "ही मुलगी वाचते तेव्हा मला अक्षरं दिसतात." बायकांनी पदर डोळ्यांना लावले.
हे वाक्य माझं होतं. मी कधी बोललो नव्हतो, ते खरं. पण कुणी बोलायचंच होतं तर ते मी.
बाहेर चपला शोधत होतो, तर मला म्हणतो, "काय गेटमन, तुमची गाडी आमच्या रुळावर आली बघा." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर उत्तर सुचलं.

१८ मे, रवि.
ऊन असं की पत्र्याला हात लागत नाही. संघाचं उन्हाळी शिबिर संपलं. हस्तकलेत सलूनं उशीची खोळ भरली. निळी फुलं, कोपऱ्यात कबूतर. मी उशी पुढं सरकवली. म्हणाली, "ही मास्तरांना."
"ज्याला दिसत नाही त्याला भरतकाम कशाला?"
"हात फिरवून कळतं त्यांना. म्हणून तर जाड दोऱ्यानं भरलं."
उशी परत ओढून घेतली. माझ्या उशीला सूनबाईच्या जुन्या साडीची खोळ आहे. मऊ आहे, तक्रार नाही.

२२ जून, रवि.
आज छातीत कळ आली. म्हणजे आली असं म्हणालो. सलू पट्टा काढून पायाशी बसली, भा. मा. कडे गेली नाही. दोन अध्याय वाचले. शेवटची ओळ मी म्हटली. पावसाचं वातावरण, घरात आलं-गवती चहाचा वास. किती दिवसांनी अशी दुपार मिळाली.
करुणा आली होती, तिला दारातूनच परत पाठवलं. तिची खेप भरली.
संध्याकाळी बरं वाटलं म्हणून इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन मासळी आणली.

६ जुलै, रवि.
परत कळ. सलू घरी. आज जरा कमी वाचलं, सारखी रस्त्याकडे बघत होती.

२० जुलै, रवि.
फजिती. तिसऱ्यांदा कळ आली. सलू औषधाच्या दुकानात गेली. तेवढ्यात माकडं आली, पपईवर. दोन पिकायला आलेल्या, रोज डोळ्यात तेल घालून जपतोय. काठी घेतली आणि गच्चीचा जिना पळत चढलो. वरून शिव्या घातल्या. एक दगडही मारला. माकडं पळाली. खाली बघतो तर फाटकात करुणा.
"आबा, छातीत दुखायलंय ना तुमच्या?"
"आता थांबलं."
"हाव का," म्हणाली आणि चपला जोडून ठेवल्या.
सलू आली तेव्हा मी पांघरूण घेऊन पडलो होतो, धापा टाकत. धाप तेवढी खरी होती. करुणा काही बोलली नाही. उद्या बोलेल.

२७ जुलै, रवि.
जे व्हायचं ते झालं, पण करुणाकडून नव्हे. लीलाताईंनीच मला २२ जूनला इतवाऱ्यात मासळी घेताना बघितलं होतं. सगळ्या मुलींसमोर सलूला म्हणाल्या, घरी आजारी असेल तर आम्ही चांदणी कापत नाही, पण आजाराचं खोटं कारण सांगितलं तर कापतो. त्या तीन रविवारांच्या तिन्ही चांदण्या गेल्या.
सलू रडून आली. "आबा, त्या दिवशी तुम्ही मासळीलाच गेला होता इतवाऱ्यात?"
"औषधाला गेलो होतो. मासळी दिसली म्हणून घेतली."
लगेच डोळे पुसले. "मी तेच सांगितलं. माझे आबा खोटं बोलणार नाहीत म्हणाले."
आज जेवण गेलं नाही. खरंच.

३ ऑग., रवि.
कळ बंद केली. सलू वेळेवर भा. मा. कडे. करुणाला पेरू दिला आणि आडून विचारलं, "कुणाला काही सांगितलंस का?"
"कशाचं?"
"माकडांचं."
"माकडं तर रोजच येतेत की आबा."
तिच्या तोंडाकडं बघितलं. काही कळलं नाही. पेरू अर्धा खाल्ला, अर्धा वसतिगृहातल्या मैत्रिणीला म्हणून रुमालात बांधला.

१४ सप्टें., रवि.
करुणाचं बोट आता ओळीवरून पळतं. जोडाक्षर आलं की मी तोडून सांगतो, फाटकावर असताना सिग्नलच्या पाट्या वाचायला मी तसाच शिकलो. आज एक आख्खं स्तोत्र न थांबता वाचलं आणि शेवटच्या ओळीला थांबून माझ्याकडं बघितलं. मी म्हटली. तिला हा नेम कुणी सांगितला? सलूनं सांगितला असणार. म्हणजे सलूला आठवतो.
आता मी झोपेचं सोंग घेत नाही.

१२ ऑक्टो., रवि.
कापणीचा सण. लोकांनी आणलेली फळं-भाजी वेदीपुढं मांडली, मग अंगणात लिलाव. करुणाच्या बापानं केळीचा घड पाठवला होता, तो अर्पणाच्या यादीत वसतिगृहाच्या नावावर गेला. सलूनं स्वतः घातलेली लोणच्याची बरणी ठेवली होती. मी बोली लावली. मागून भा. मा. चा आवाज. मी वाढवली. त्यानं वाढवली. लोक माना फिरवून बघायला लागले. सूनबाईनं माझा सदरा ओढला.
"आबा, आपल्याच घरचं लोणचं हाय."
सोडून दिलं. बरणी त्याच्या मांडीवर. झाकण उघडून वास घेतला आणि म्हणतो, "मेथी अंमळ जास्त आहे, पण हात चांगला आहे." मेथी मला आवडते म्हणून तिनं जास्त घातली होती. त्याला काय माहीत.

९ नोव्हें., रवि.
लीलाताईंनी सांगितलं, २९ तारखेला लातूरला मराठवाड्यातल्या सगळ्या संघांचा मेळावा, तिथं वर्षाची ढाल. आपल्याकडून दोघी पुढं, करुणा आणि सलू. बाकीचे बिल्ले बरोबरीचे. करुणाच्या चांदण्या पूर्ण, सलूच्या तीन कमी. शिवाय खोटेपणाचा डाग आहे, असं म्हणाल्या नाहीत, पण थांबल्या. आता ज्याची सेवा केली त्या म्हाताऱ्यानं मेळाव्यात उभं राहून त्या मुलीबद्दल साक्ष द्यायची.
म्हणजे भा. मा. सलूबद्दल बोलणार, आणि मी करुणाबद्दल. माझ्या नातीबद्दल बोलायला मला जागा नाही.
सूनबाई हळूच म्हणाली, "त्या पोरीचं लई गोड सांगू नका."
सलूनं ऐकलं. "आबा खरं तेच सांगतील," म्हणाली.

१६ नोव्हें., रवि.
पुढल्या वर्षी चिठ्ठ्या परत काढणार. करुणा कुणाला तरी दुसऱ्याला जाणार. भा. मा. ला गेली तर? तिला कसं शिकवलं, कुठं थांबते, सगळं मी घडवायचं आणि हा उभा राहून म्हणणार, मला अक्षरं दिसतात.
करुणाला विचारलं, ढाल मिळाली तर काय करशील?
"बापूला दाखवीन. त्यांनी ढाल कधी बघितली न्हाई."
हे विचारायला नको होतं.
मी खरं सांगितलं तर सलूचा डाग जातो, चांदण्या परत येतात, आणि मग ढाल कुणाची ते सांगता येत नाही. नाही सांगितलं तर करुणाची. आणि सांगायचं ते सगळ्यांसमोर, भा. मा. समोर. गेटमननं नातीसाठी आजारपणाचं सोंग घेतलं, का, तर मास्तरचा हेवा वाटला म्हणून. आयुष्यभर पुरेल त्याला.

२९ नोव्हें., शनि., लातूर
वही बरोबर आणली आहे. पहाटेच्या गाडीनं निघालो, लोहा, अहमदपूर करत आलो. पोरी वाटभर गात होत्या. मांडव मोठा, सगळीकडे निळे पट्टे. म्हाताऱ्यांना पुढं खुर्च्या दिल्यात. भा. मा. ची माझ्या शेजारीच. मांडीवर ती उशी घेऊन बसलाय, कंबर दुखते म्हणे.
अंबाजोगाईची एक आजी बोलली. मग हा उठला. छान बोलला, नेहमीसारखा. शेवटी म्हणाला, "तीन रविवार ही आली नाही. मी दार उघडं ठेवून बसलो होतो. का आली नाही ते मला माहीत नाही, पण ही मुलगी खोटं बोलत नाही. आवाजावरून माणूस ओळखायला मी शिकलोय."
हेही तोच बोलला. सलूच्या बाजूनं उभं राहायचं होतं ते मी, आणि उभा राहिला हा. हा दारात बसून होता हे मला माहीत नव्हतं.
पण का आली नाही, ते याला माहीत नाही. ही एक गोष्ट सबंध मांडवात फक्त माझ्याजवळ आहे. आणि करुणाजवळ.
बसता बसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तुमचा सिग्नल, गेटमन." टोमणा होता की काय, कळलं नाही. हात लगेच काढला नाही त्यानं.
करुणा पाणी घेऊन आली. वाकून म्हणाली, "आबा, माकडांचं सांगा."
"तुझी ढाल जाईल की गं."
"सांगा तुम्ही. लोकं हसतील."
"मला?"
"माकडांला."
लीलाताईंनी माझं नाव पुकारलंय. पूर्ण नाव. पेन करुणाकडे देतोय, काठी तिनं धरली आहे. सलू पुढच्या रांगेतून मागं वळून बघतेय. भा. मा. आणि मी खेटून बसलोय, त्यामुळं ती त्याच्याकडं बघतेय की माझ्याकडं, इथून कळत नाही.
उठलो की कळेल.