बिनतिखटाचा मासा

जळगाव, १२ सप्टेंबर

उखर्डूभाऊंना युसूफचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही ठेवून घ्या. यंदा केळीचे घड कसे पडले, वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं, सगळं सविस्तर लिहा. (फोन करू नका. मी इकडून नुसता घुमतो, तुम्ही तिकडून "हॅलो हॅलो" ओरडता आणि दोघंही दमतो.)

तब्येत म्हणाल तर अर्धी जीभ नाशिकच्या दवाखान्यात ठेवून आलो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. गुटख्याच्या पुडीने नेली. उरलेल्या अर्धीला तिखट चालत नाही. भडगावच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकलेला, काळ्या मसाल्याचा रस्सा नसेल तर ताटावरून उठणारा माणूस मी. सहा महिने नळीतून दूध घेतलं. मग आमच्या मिसबाहने (पुण्यात जपानी हॉटेलात कामाला होती, माझ्यापायी नोकरी सोडून आली) सुशी नावाचा प्रकार केला. व्हिनेगर लावलेला चिकट भात, आत काटे वेचून वाफवलेला रोहू, वरून समुद्री शेवाळाचा काळा कागद. (जपानात मासा कच्चाही खातात म्हणे. नदीचा कच्चा खाल्ला तर पोटात किडे होतात, म्हणून मी वाचलो.) मी ताट सरकवलं. तिने परत पुढे केलं. आणि भाऊ, घास गिळता आला. मी रडायला लागलो तर पोरगी घाबरून म्हणाली, "अब्बा, इतका वाईट झालाय का?"

आता तिने पुढच्या खोलीत चार खुर्च्या टाकून हेच विकायला काढलंय. (पहिल्याच गिऱ्हाइकाने वरून शेव मागितली.) पण मासा घेताना ती पोलिसासारखी चौकशी करते. कुठला, कोणत्या जाळ्यातला, पोटात अंडी होती का? नदीत मासा उरला तरच आपण खाऊ, म्हणते. जुलैत मला घेऊन गिरणा नदीवर गेली. तिथे तोताराम, मला वर्षानुवर्षं मासळी देणारा, मच्छरदाणीएवढ्या बारीक जाळ्यातून बोटभर पिल्लं काढत बसलेला. मी गळ्यातल्या पाटीवर खडूने लिहिलं, 'सोडून दे.' मिसबाहने वाचून दाखवलं. तोताराम हसला. "ही बठ्ठी, सारी बारीक मासळी तीस वरीस तूच लेत व्हता ना, युसूफभाई?"

मिसबाह माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिला मी याच काठावर हातभर लांब वाम दाखवली होती. ती वाम आता नदीत का नाही, हे तिने विचारलं नाही. मी पाटी कोरी झाली तरी पुसत राहिलो.

त्या दिवसापासून पावसाळाभर, मासा अंडी घालतो म्हणून, दुकानात मासा बंद. त्याऐवजी भाजलेल्या वांग्याचं बिनमिरचीचं भरीत भातात गुंडाळते. लोक आवडीने खातात, मीही दोन वेळा तेच खातो. मजेत आहे.

तुमचा,
युसूफ

ता. क. मजेत वगैरे मिसबाहसाठी लिहिलं, पत्र तीच वाचून पेटीत टाकणार आहे. दवाखान्यात किरणांचा शेक दिल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. (हा कागद वेगळा घडी करून आत सरकवलाय.)

आणखी एक. ईदला आलात तेव्हा शिरखुर्म्याचा चमचा तुमच्या तोंडात जाईना. गोड खीर, तरी झोंबली. "दाढ दुखते," म्हणालात. जीभ कापण्याआधी मीसुद्धा आठ महिने दाढच सांगत होतो. येत्या गुरुवारी नाशिकला माझी तपासणी आहे, तुमचंही नाव लावून ठेवलंय. तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पाकिटावर सुनंदावहिनींचं नाव घातलंय. हे त्यांनीच आधी वाचलं असणार.