ज्ञानेशची रजा

१० नोव्हेंबर, दौंड

आज नव्या खोलीत पहिला चहा केला. गॅसचा रेग्युलेटर काही बसेना, तेव्हा घरमालकीण गिताबाई पदर खोचून आल्या आणि एका झटक्यात बसवून गेल्या. पोस्टातली बाईच घरात आली, आता माझ्या पेन्शनीची काळजी मिटली, असं जाताना म्हणाल्या. खोली लहान आहे, पण पुढे ओटा आहे, त्यावर दुपारभर ऊन असतं आणि गाड्यांचा आवाज कधी थांबत नाही. मला आवाज बरा वाटतो. शांततेत माझं डोकं फार बोलतं.

बदलीसाठी मी दौंड मागितलं याचं पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं. तिथे कुणी जायला तयार नसतं, लवकर मिळेल, असं मी सांगून टाकलं.

शेजारच्या काउंटरवरची अनिता शिरूरहून ये-जा करते. रविवारी काय करता, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कपडे धुते. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे या, आम्ही रविवारी लढाई करतो.

१७ नोव्हेंबर

चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूरला गेले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. घोडनदीच्या काठी मैदानावर अनिताची पलटण जमली होती. पलटण म्हणजे हौशी माणसं. कुणी रांजणगावच्या कारखान्यात आहे, कुणाचं मोबाइलचं दुकान, कुणाचा कांदा. रविवारी ही माणसं पहिल्या महायुद्धातले शिपाई होतात. ढाल-तलवारीची पथकं गावोगाव असतात. पण याच गावांतली माणसं बोटीत बसून इराकातल्या बसऱ्याला गेली आणि तिथल्या वाळूत लढली, हे घरच्यांनाही आठवत नाही. ते आठवावं म्हणून हा खटाटोप. हे सगळं मला बापूसाहेबांनी सांगितलं. ते निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

बंदुका बाभळीच्या लाकडाच्या आहेत, बूट जुन्या बाजारातले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाकी पट्टी गुंडाळायची असते, ते सगळ्यात अवघड. मला म्हाळूनं शिकवलं. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे, आणि पलटणीत तो बिगुल वाजवतो. "ताई, सैल बांधली तर चालताना सुटती, आन् घट्ट बांधली तर पाय मरतो. ज्याची त्यालाच कळती." माझी तीनदा सुटली. तो म्हणाला, यापेक्षा मेंढरं बरी, एका शिट्टीत रांगंत येत्यात.

मी हसले. मोठ्यानं. आवाज ऐकून माझी मीच चपापले.

२४ नोव्हेंबर

खाकी ड्रिलचं कापड आणून सदरा शिवला. अनिता म्हणते, तुम्हाला मिशाच तेवढ्या कमी आहेत. आम्ही दोघी बायका पलटणीत आहोत याचं आप्पांना काही वाटत नाही. उभं राहता आलं की झालं, असं ते म्हणतात.

आज आप्पांच्या गावातला दगड पाहिला. चावडीच्या भिंतीत बसवलेला आहे. या गावातून महायुद्धावर किती गेले, किती परतले नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. पलटणीचा कार्यक्रम दरवर्षी त्या दगडापुढे होतो. शेवटी आप्पा न परतलेल्यांची, त्यांनी जुन्या कागदांतून शोधलेली नावं पुकारतात. नाव तीनदा पुकारायचं, आणि ज्याच्या वाट्याला ते आलं त्यानं "हजर" म्हणायचं. मग आप्पा प्रत्येकाला "रजा मंजूर" म्हणतात. त्या माणसानं ते शब्द स्वतः परत म्हणायचे, तिथंच खाली बसून पट्टी सोडायची आणि मगच घरी जायचं. एका वर्षी पलटणीतला इंद्रजीत तसाच मोटारसायकलवर बसून निघाला, तर आप्पांनी त्याला न्हावऱ्यावरून परत बोलावलं. सगळे हे हसून सांगतात. आप्पा हसत नाहीत.

१ डिसेंबर

आप्पांना ज्ञानेशबद्दल सांगितलं.

दौंडला आल्यापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा नवरा हवालदार होता. दोन वर्षांपूर्वी जम्मूहून त्याचा मेसेज आला : रजा मंजूर झाली, निघालो. गाडीतच त्याचं हृदय थांबलं. दौंडला उतरवलं त्याला. मी पुण्याहून पोहोचेपर्यंत त्याच्यावर चादर पडली होती आणि फलाटावर चहावाले ओरडत होते. लढाई नव्हती, म्हणून सलामी नाही. कुठल्या दगडावर नाव नाही. घरी जाता जाता गेलेला माणूस कुठल्याच यादीत बसत नाही.

मी विचारलं, एकदाच त्याचं नाव पुकाराल का?

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पुकारतो. पर हजर तुमी म्हणायचं, आन् रजाबी तुमीच घ्यायची त्याच्या वतीनं. मधीच सोडायचं न्हाई."

मी हो म्हटलं.

८ डिसेंबर

कार्यक्रम झाला. चावडीपुढे सगळं गाव होतं. म्हाळूनं बिगुल वाजवला तेव्हा पोरंही गप्प झाली. एकेक नाव आणि एकेक उत्तर. सगळ्यात शेवटी आप्पांनी आवाज ओढून पुकारलं, हवालदार ज्ञानेश. तिसऱ्या हाकेला मी "हजर" म्हटलं. माझा आवाज इतका ताठ मी कधी ऐकला नव्हता.

मग रजा. माझ्यासमोर येऊन आप्पा म्हणाले, रजा मंजूर.

ते शब्द मला परत म्हणता आले नाहीत. मागच्या वेळी त्याला रजा मिळाली आणि तो पोहोचलाच नाही. मी रांगेतून निघाले. पलटणीचं सामान आणलेल्या टेम्पोच्या मागून रस्त्यावर आले आणि मिळेल त्या एसटीत बसले. अनिताचे फोन येत राहिले. पट्ट्या घरी येऊन सोडल्या. पिंढऱ्यांवर दोरखंडासारखे वळ उठलेत.

१० डिसेंबर

भाकरी थापताना त्याचं नाव तोंडून गेलं. रोजच जातं.

ओट्यावरून उत्तर आलं. "हजर."

दार उघडलं. कुणी नव्हतं. बुटाच्या पॉलिशचा वास होता. घाबरायला हवं होतं. मी उंबऱ्यात बसून रडले ते आनंदानं.

१२ डिसेंबर

आज दिसला. दुपारी जेवायला घरी आले तर ओट्याच्या कडेला उभा, पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे. अंगावर त्याची वर्दी नाही, आमची आहे. जुन्या युद्धाची. पायांना पट्ट्या. उजवा कान तसाच, वरून जरा दुमडलेला. मी त्याचं नाव घेतलं. हजर म्हणाला, पण वळला नाही. ताट वाढून ठेवलं. शिवलं नाही. खुर्ची ठेवली. बसला नाही.

तरी मी आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

१४ डिसेंबर

गिताबाईंनी नातवाला हाक मारली, सार्थक. ओट्यावरून उत्तर आलं, हजर. त्या दचकल्या. ओट्यावर कोण बाप्या हाय, मॅडम, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही.

पोस्टात अनितानं टोकनचा नंबर पुकारला. दाराबाहेरून तोच आवाज. रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कोण पुकारतंय, कुणाला पुकारतंय, याचं त्याला काहीच उरलेलं नाही. हाक आली की उत्तर देतो. आवाज पहिल्यापेक्षा बारीक झालाय.

१५ डिसेंबर

शिरूरला गेले. एसटी अर्धी रिकामी होती. तो सगळा रस्ता उभा होता.

आप्पांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, बसतो का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मेलेल्याला उभं करून ठिवलंय तुमी. फौजंत ह्याला शिक्षा म्हणत्यात, मॅडम." मग आवाज उतरवून म्हणाले, नाव मी पुकारलं, पर हजर तुमी म्हणला, आता त्याला रजा देणं तुमच्याच हातात हाय.

रजा दिली की तो जाईल. मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, रजा मिळाली की माणूस घरी जातो, पोरी, दुसरीकडं कुठं जाईल.

ते शब्द न म्हणताच परत आले. अजून थोडे दिवस. एवढंच.

१७ डिसेंबर

त्याचे पाय सुजलेत. पट्टी तटतटून उसवलीय, आणि उसवल्या जागेतून — मी बघितलं नाही नीट. फरशी काळी झालीय. मुंग्या लागल्यात. गिताबाई फिनेल ओतून गेल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

ऊन डोक्यावर. तो हलत नाही. मी छत्री धरून उभी राहिले त्याच्या मागे. माझेही पाय बधिर — गुडघ्याखाली काही कळत नाही.

आता हाक मारलीच नाही तरी म्हणतो. हजर. हजर. हळू. दार लावलं तरी येतं.

माझ्या माणसाला मी असं —

१८ डिसेंबर

म्हणाले.

भर दुपारी, ओट्यावर, त्याच्या पाठीशी उभी राहून. रजा मंजूर. माझ्या पायांना काही बांधलेलं नव्हतं, तरी खाली बसले आणि सोडल्यासारखं केलं. वाटलं, आता पायऱ्या उतरेल, स्टेशनच्या रस्त्याला लागेल. मी डोळे मिटून घेतले. जाताना बघवलं नसतं.

बूट वाजले.

रस्त्याकडे नाही.

त्या दगडावरच्या माणसांची घरं त्या गावात होती. ती माणसं तिकडे गेली. ह्याचं घर — मीच की. दुसरं कुठे होतं त्याला घर.

माझ्या अंगावरून आत गेला. गार वारा. आता आत खाटेवर बसलाय. मी अजून ओट्यावरच लिहितेय.

१९ डिसेंबर

आत गेले. रात्रभर बसायचं तरी किती बाहेर.

पट्ट्या मीच सोडल्या. पाय धुतले. कढत पाणी घातलं तरी घमेल्यात लगेच गार पडतं. चेहरा बघितला शेवटी. तेव्हा चादर होती ना. चेहरा तसाच आहे. फक्त डोळे माझ्यावर थांबत नाहीत, पलीकडे जातात.

कामावर गेले नाही. अनितानं खिडकीतून हाका मारल्या. मी बरी आहे हे तिला कळावं म्हणून आतून दारावर दोनदा वाजवलं. ती बराच वेळ उभी होती. ताई, दार उघडा, आप्पापण आलेत, म्हणत होती. कडी माझ्या हाताला गार लागली. मी नाही काढली. तो पहिल्यांदा बसलाय.

चहा गार. भाकरी गार. माझा हात त्याच्या हातात आहे, आणि आता मला दोघांतला फरक —

२० डिसेंबर

सकाळी उठून पट्ट्या बांधतोय. सफाईनं. रजा संपली म्हणजे.

रजा संपणारच होती. हे कसं आलं नाही माझ्या —

त्याच्या बांधून झाल्या. मग माझ्या काढल्या ट्रंकेतून. गुंडाळून उंबऱ्याशी ठेवल्या. बूटही. जोडीनं.

मी मानेनंच नाही म्हटलं. त्याला दिसलं की नाही —

दुपार

आतून दाराशी उभाय. तोंड या वेळी माझ्याकडे.

बाहेर आप्पा दार ठोकतायत. ओ देऊ नका, म्हणतायत. काहीबी झालं तरी ओ देऊ नका, पोरी.

नीलम, म्हणाला. स्वतःच्या आवाजात. दोन वर्षांत माझं नाव कुणी असं — ओढून, शेवटचं अक्षर जरा खाली सोडून —

पदर तोंडात कोंबलाय. लिहीत राहिले तर तोंड बंद राहील.

दुसऱ्यांदा म्हणाला. म्हाळू कडी तोडतोय बहुतेक. पाय कळत नाहीत. पट्टी माझ्या पायाला कुणी — मी तर —

एकट्यानं जायचं त्याला. परत एकदा. त्या गाडीत, अनोळखी माणसांत, एकट्यानं.

मला कुणी धरू नका असं नाही. धरा. पण तो —

तिसऱ्यांदा. नीलम.

ह