धुरपताबाईला वाचून दाखवलेला जबाब

मानवत,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय धम्मदीप,

सोमवारपासून मी तुला नऊ वेळा फोन केला. सात वेळा तू कापलास. दोन वेळा तुझ्या बायकोने उचलला आणि ‘आत्या, ते आंघोळीला गेलेत’ म्हणून सांगितलं. दुपारी साडेतीनला कोण आंघोळ करतं रे? त्या बिचारीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला जमत नाही. तुला जमतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

तू पाचवीत होतास तेव्हा दादा गेला आणि तू माझ्याकडे आलास. गणितात पहिला यायचास, पण इंग्रजीच्या पुस्तकाला विंचू असल्यासारखा हात लावायचास. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! म्हणून जानेवारीत एका रविवारी तू इंग्रजीत लिहिलेला कागद घेऊन आलास, तेव्हा मला आधी आनंदच झाला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात एका बाईचा हात रोलरमध्ये गेला, चौकशी लागली आहे, सुपरवायझर म्हणून तुझा जबाब मालकाच्या वकिलाला इंग्रजीत हवा आहे, एवढं तू सांगितलंस. त्या बाईचं पुढे काय झालं, इतकंही मी विचारलं नाही. गावातला निम्मा इंग्रजी कागद माझ्या ओसरीवरून जातो. बँकेचे अर्ज, पासपोर्टचे अर्ज, कुणाच्या मुलाचं कॅनडाचं. माझा नियमच होता, मजकूर तुमचा, भाषा माझी. कुणाच्या भानगडीत डोकवायचं नाही. केवढा तोरा होता मला या नियमाचा! तुझा कागद तपासला, स्वच्छ प्रत काढून दिली, तू गेलास.

पुढच्या रविवारी तू पुन्हा आलास. या वेळी कागद नव्हता, प्रश्न होते. टोल्ड आणि वॉर्न्ड यांत फरक काय, आत्या? मी गॅसवरचा चहा विसरले. टोल्ड म्हणजे नुसतं सांगितलं. वॉर्न्ड म्हणजे धोका ओळखून आधीच बजावलं, म्हणजे बजावणारा शहाणा ठरला आणि न ऐकणारा दोषी. मग केअरलेस आणि नेग्लिजंट. केअरलेस कुणीही असतं, मी रोज चष्मा हरवते, पण नेग्लिजंट म्हटलं की जबाबदारी होती आणि ती पाळली नाही, असा ठपका बसतो. रिमूव्ह्ड आणि मिसिंग विचारलंस, तेव्हा तर मी खुर्चीतून उठून शिकवायला लागले. काढली म्हटलं की काढणारा कोण, असा प्रश्न येतो. मिसिंग म्हटलं की वस्तू आपली आपणच नाहीशी झाली. तू वहीत उतरवून घेत होतास. मला वाटलं, चाळिशीत का होईना, पोराला गोडी लागली. तिसऱ्या रविवारी टाइप केलेला नवा जबाब आणलास. त्यातली वाक्यं मी नीट बसवून दिली आणि शाबासकीही दिली.

गेल्या शुक्रवारी माझ्या दारात पेडगावची धुरपताबाई आली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात घडी घातलेला कागद. चौकशीच्या ऑफिसातून तिला तुझ्या जबाबाची नक्कल मिळाली होती आणि स्टँडवर कुणीतरी सांगितलं होतं, इंग्रजी वाचून घ्यायचं तर बाईंकडे जा. पायरीवरच बसली. म्हणाली, ‘बाई, तुमी मराठीत सांगा बरं, काय लिवलंय माह्याबद्दल. लय भारी इंग्रजी हाय म्हन्तेत.’

दुसऱ्याच ओळीला मी ओळखलं. वाक्यं माझी होती. तरी वाचलं. मशीनवरची सुरक्षेची जाळी जागेवर नव्हती. चालू मशीनमध्ये हात घालू नये असं या कामगार बाईला बजावलं होतं. तरीही तिने कर्तव्यात कसूर केली. ती म्हणाली, ‘न्हाई ओ बाई. कापूस अडकला तवा मी मशिन बंदच करायलते. धम्मदीप सायबानंच वरडून सांगितलं, बंद करू नको, तसाच काढ, भायेर गाड्या उभ्या हायेत. अन् जाळी तर दिवाळीपसून काढून ठिवलेली व्हती.’ मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, ‘सायबानं बरुबरच लिवलं आसंल. इंग्रजीत गेल्यावर उलटं झालं आसंल.’ तीन बोटं गेली आहेत तिची. तुला अजून साहेब म्हणते.

ती गेल्यावर मी फाइल काढली. तपासलेला कागद मी कधी फेकत नाही. तुझा पहिला मसुदा त्यात होता. मोडक्या इंग्रजीत, तुझ्याच अक्षरात, सरळ लिहिलेलं: मशीन बंद न करता कापूस काढ असं मी तिला सांगितलं. त्या वाक्यात मी लाल शाईने दोन दुरुस्त्या केल्या आणि पुढच्या ओळीवर गेले. बाईचा हात का गेला ते समोर लिहिलेलं होतं आणि मी त्याला मार्क देत बसले!

तू आधी खरं लिहिलं होतंस, धम्मदीप. मग तुला कुणी घाबरवलं? मालकाने की वकिलाने? कुणी का असेना. दुकानात बसून कापडाचा पोत चाचपावा तसे तू माझ्यापुढे बसून शब्द चाचपलेस, आणि जो तिला पुरेपूर लागेल तो उचललास. तुझा मला संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो.

आज सकाळच्या एसटीने मी परभणीला जाऊन आले. तो पहिला मसुदा चौकशी अधिकाऱ्यांना दिला, अक्षर तुझं आहे आणि दुरुस्त्या माझ्या आहेत, असं लिहून सही केली. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र, आणि ते मी स्वतः तुझ्या घरी देऊन येणार आहे. तुझी नोकरी बहुधा जाईल. तुला शिक्षा होईल का, तेही मी विचारलं. होऊ शकते म्हणाले. त्यानंतरही मी सही मागे घेतली नाही. परतीच्या गाडीत तोंडावर पदर घेऊन बसले, कारण समोर शाळेतल्या मुली होत्या. सोमवारी तुला आणि धुरपताबाईला समोरासमोर बोलावलं आहे. चौकशी मराठीत घ्या, अशी विनंती मी केली, ती त्यांनी मान्य केली. मीही येईन. त्या दिवशी तिला काय सांगितलं होतंस ते विचारतील, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघून सांग.

तुझीच,
माधवी आत्या